मिरर केलेल्या डिस्कचा सर्व्हर राहून राहून अडकतोय? रेड १ वरून रेड १० वर जाण्याआधी आणि जाताना काय बघायचं

आधी लक्षण सांगतो म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. दोन डिस्कचा मिरर म्हणजे दोन्हीवर तोच डेटा, लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड १, ७२०० आरपीएमच्या ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणारा लिनक्सचा थर), वर एक डेटाबेस आणि तीन-चार व्हर्च्युअल मशीन. एरवी बरं चालतं आणि मग एकदम सगळं चिखलात रुतल्यासारखं होतं, एसएसएच लॉगिनला अर्धा मिनिट, साधी फोल्डरची यादी मागितली तरी कर्सर नुसता लुकलुकतोय, लोड ४० च्या वर आणि सीपीयू बघावा तर रिकामा. रीस्टार्ट केलं की चार दिवस बरं वाटतं, परत पहिले पाढे पंचावन्न.

मी पण तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे डिस्क स्लो आहेत असं ठरवून टाकलं आणि अजून दोन डिस्क मागवल्या, रेड १० करू, म्हणजे अशा दोन मिरर जोड्यांवर डेटा वाटून ठेवू, प्रश्न मिटेल. डिस्क येईपर्यंत दोन आठवडे हातात होते म्हणून नीट मोजायला बसलो तेव्हा लक्षात आलं की इथे तीन वेगळे आजार एकावर एक बसलेत आणि रेड १० नं त्यातला एकच बरा होणार आहे. बाकीचे दोन नव्या अ‍ॅरेमध्ये (रेडनं जोडलेल्या डिस्कच्या संचात) सामानासकट राहायला आले असते.

तर पहिलं काम आयओस्टॅट, डिस्कवर किती काम चाललंय ते दाखवणारी कमांड. एक्स्टेंडेड मोडमध्ये दर सेकंदाला चालू ठेवा आणि अ‍ॅरेच्या ओळीकडे नाही, खालच्या एकेका डिस्कच्या ओळीकडे बघा. मिररमध्ये प्रत्येक राईट दोन्ही डिस्कवर जातं, त्यामुळे दोघींचा राईट अवेट (एका राईटला लागणारा सरासरी वेळ) साधारण सारखा यायला पाहिजे. माझ्याकडे पहिली डिस्क एसडीए १२-१५ मिलिसेकंद आणि दुसरी एसडीबी १९० च्या आसपास! आणि मिररमधलं राईट पुरं झालं असं तेव्हाच म्हणतात जेव्हा दोन्ही डिस्क हो म्हणतात, म्हणजे जोडीतला एक बैल लंगडत असला की गाडी त्याच्याच चालीनं जाणार. इतके महिने मी अ‍ॅरेचा एकच आकडा बघत होतो आणि त्यात हे दिसतच नव्हतं.

एक डिस्क हळू का चालते याची कारणं मोजकी आहेत. मी डीमेसेज (कर्नलचा लॉग) चाळलं तर साटा लिंक १.५ गिगाबिटवर उतरवल्याची ओळ, म्हणजे कर्नलला त्या वायरवर एरर येत होत्या म्हणून त्यानं आपणहून वेग कमी केला होता. मग स्मार्टसीटीएलनं (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) त्या डिस्कचा १९९ नंबरचा अ‍ॅट्रिब्यूट बघितला, यूडीएमए सीआरसी एरर काउंट, तो २१४. दुसऱ्या डिस्कचा शून्य. सीआरसी एरर म्हणजे डिस्कची चकती खराब नाही, डिस्क आणि बोर्डमधल्या रस्त्यावर गडबड आहे, आणि दहातल्या नऊ वेळा तो रस्ता म्हणजे केबल. केबल बदलली, लिंक परत ६ गिगाबिटवर आली, अवेट दोन्हीकडे सारखा. तो काउंट मात्र परत शून्य होत नाही, तो आयुष्यभराचा हिशोब आहे, तो वाढत नाही ना एवढंच बघायचं. म्हणजे मी नव्या डिस्कचे पैसे मोजून बसलो होतो आणि अर्धा आजार एका केबलचा निघाला. असो.

तुमच्याकडे १९९ शून्य असेल तर ५ आणि १९७ बघा, म्हणजे बदललेले सेक्टर आणि बदलायची वाट बघत असलेले सेक्टर. १९७ वाढत असेल तर चर्चा कसली करताय, डिस्क बदला. ते पण ठीक असेल तर मॉडेल नंबर शोधून ती डिस्क एसएमआर प्रकारची तर नाही ना ते तपासा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं म्हटलं की आजूबाजूचं पण परत लिहावं लागतं. थोडं लिहिलं तर डिस्क ते आपल्या कॅशच्या भागात झेलते, सतत रँडम लिहीत राहिलात की तो भाग भरतो आणि मग वेग कोसळतो. थोडा वेळ रिकामी सोडली की परत टवटवीत. 'कधी चालतं कधी नाही' वालं लक्षण अगदी असंच दिसतं आणि रेडच्या रीबिल्डमध्ये तर या डिस्क जीव काढतात. अशी डिस्क रेड १० मध्ये पण घेऊ नका, बॅकअपला वापरा.

अजून एक गोष्ट जी फार जणांना माहीत नसते, एरर रिकव्हरीचा टाइमआउट. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती मिनिट-दोन मिनिटं स्वतःच डोकं आपटत बसते, आणि लिनक्स कर्नल डीफॉल्टला ३० सेकंद थांबतो आणि मग लिंक रीसेट करतो. तेवढा वेळ वरचं सगळं गोठलेलं, आणि वाईट दिवस असेल तर चांगली डिस्क अ‍ॅरेमधून बाहेर फेकली जाते. मिररमध्ये दुसरी कॉपी शेजारीच बसलीय, तर डिस्कनं लवकर हात वर करावे हेच आपल्याला पाहिजे असतं. स्मार्टसीटीएलमध्ये एससीटी ईआरसी (हाच तो टाइमआउट) ७० आणि ७० वर लावा, हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क पॉवर गेली की हे विसरतात, म्हणून बूट होताना परत लागेल अशी सोय करा. डिस्कला ही सोय नसेलच तर उलटं करा, कर्नलचा त्या डिस्कचा टाइमआउट १८० सेकंद करा, गोठायचं गोठेल पण निदान अ‍ॅरे फुटणार नाही.

आता दुसरा आजार, आणि मला वाटतं बहुतेकांचं 'परत परत येतं' वालं दुखणं हेच असणार. मी कधी कधी अडकलं त्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या तर मोठे झटके सगळे रविवारी, आणि ते पण महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर. डेबियन आणि उबंटूवर एमडीअ‍ॅडमचं पॅकेज (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड सांभाळणारं टूल) आपल्यासोबत एक तपासणी आणतं जी महिन्यातून एकदा पहिल्या रविवारी सगळा अ‍ॅरे पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचून दोन्ही कॉप्या जुळतात का ते बघते. जुन्या व्हर्जनला ही क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) ० वाजून ५७ मिनिटांनी असते, नव्यात सिस्टिमडीच्या टायमरवर. रेड हॅट घराण्यात अशीच तपासणी दर आठवड्याला असते. प्रॉकमधली एमडीस्टॅट फाईल त्या वेळी उघडलीत तर चेक असं लिहिलेलं आणि किती टक्के झालं ते दिसेल.

हे दिसलं की लोक काय करतात, टायमरच बंद करून टाकतात. नका करू. मिररमध्ये जो भाग कुणी वर्षभर वाचलाच नाही तिथला खराब सेक्टर ही तपासणी शोधते, नाहीतर तो तुम्हाला कधी भेटतो तर दुसरी डिस्क मेल्यावर रीबिल्ड चालू असताना. बंद करायची गरजच नाही, वेगाला लगाम घाला. कर्नलचा स्पीड लिमिट मॅक्स डीफॉल्टला २००००० किलोबाइट प्रति सेकंद असतो, म्हणजे एका हार्ड डिस्कसाठी लगाम नसल्यासारखाच. कागदावर असं आहे की दुसरं काम आलं की तपासणी मागे हटते, पण हार्ड डिस्कचं हेड तोपर्यंत दुसऱ्या टोकाला गेलेलं असतं आणि डेटाबेसला रांगेत उभं राहावंच लागतं. मी ५०००० केला. गणित सोपं आहे, ४ टीबी डिस्क १५० एमबीच्या वेगानं वाचायला साडेसात तास, ५० च्या वेगानं २२ तास. मला २२ तास चालतात, रात्रभर गुदमरलेलं चालत नाही. नव्या व्हर्जनमध्ये ही तपासणी ६ तास चालून थांबते आणि दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे जाते, ते अजून बरं. आणि आत्ता या क्षणी अडकलंय आणि लोक डोक्यावर बसलेत तर त्या अ‍ॅरेच्या सिंक अ‍ॅक्शन फाईलमध्ये आयडल हा शब्द लिहा, चेक जागेवर थांबतो.

हार्डवेअर रेड कार्डवाल्यांना वेगळी गंमत असते. कार्डवरच्या कॅशला बॅटरी असते आणि ठरावीक महिन्यांनी कार्ड ती बॅटरी पूर्ण उतरवून परत चार्ज करून बघतं. तेवढ्या वेळात, किंवा बॅटरी म्हातारी झाली असेल तर कायमचंच, कार्ड राईट-बॅक (कॅशमध्ये आलं की झालं म्हणणं) सोडून राईट-थ्रूवर (डिस्कवर गेल्यावरच झालं म्हणणं) जातं आणि राईटचा वेग पाताळात. सेटिंगमध्ये राईट-बॅक दिसतं म्हणून फसू नका, 'आत्ता चालू असलेली पॉलिसी' अशी वेगळी ओळ असते ती बघा. बॅटरी बदलणं हा उपाय, बॅटरी नसतानाही राईट-बॅक जबरदस्तीनं चालू ठेवणं हा उपाय नाही.

केबल आणि तपासणी दोन्ही आवरल्यावर सर्व्हर माणसात आला, पण दुपारी गर्दीच्या वेळी डेटाबेसच्या कमिटला (बदल डिस्कवर पक्का करण्याला) अजूनही ताण यायचा. हा तिसरा आणि खरा आजार, डिस्कची शारीरिक मर्यादा. ७२०० आरपीएम म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदात, सरासरी अर्धा फेरा वाट बघायची म्हणजे ४.२, हेड हलायला अजून ८-९, मिळून १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ७५-८० रँडम कामं. रेड १ मध्ये राईट दोन्हीकडे सारखंच जातं त्यामुळे दोन डिस्क मिळून पण ८०च. रीड दुप्पट होतं असं सगळे म्हणतात ते अर्धसत्य आहे, दोन वेगळे प्रोसेस वाचत असतील तर लिनक्स त्यांना दोन डिस्कवर वाटतो, पण एकटा प्रोसेस एक मोठी फाईल सरळ वाचत असेल तर त्याच्या वाट्याला जवळपास एकाच डिस्कचा वेग येतो.

डिस्क वाढवण्याआधी फुकटातली एक गोष्ट करून बघा, राईट इंटेंट बिटमॅप. अ‍ॅरेच्या एखाद्या तुकड्यात लिहिण्याआधी 'इथे लिहायला घेतलंय' अशी नोंद डिस्कवर होते, लाईट गेली तर नंतर तेवढेच तुकडे सिंक करायचे म्हणून. रँडम राईट जास्त असतील तर या नोंदींसाठीच हेड पळत राहतं. बिटमॅप काढून मोठ्या चंकनं (एका नोंदीत येणारा तुकडा), १२८ एमबी किंवा अजून मोठा, परत लावला की नोंदी कमी होतात. पूर्ण काढून ठेवायच्या फंदात पडू नका, एकदा अचानक बंद पडला की अख्खी ४ टीबी सिंक होत बसेल. मला याचा थोडा फायदा झाला, डोळे दिपावे इतका नाही.

आणि अजून एक प्रामाणिक सल्ला, डेटाबेस दोन-तीनशे जीबीचा असेल तर त्याच्यापुरता दोन एसएसडीचा मिरर करा आणि हे पुढचं सगळं वाचूच नका. साधी साटा एसएसडी पण सेकंदाला हजारोंनी रँडम कामं करते, हार्ड डिस्क कितीही जोडल्यात तरी तिथे पोचत नाही. माझ्याकडे जागा पण पाहिजे होती आणि डिस्क आधीच आलेल्या, म्हणून रेड १०. रेड ५ का नाही असं विचारणार असाल तर तिथे एका छोट्या राईटसाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढायचा हिशोब) वाचा, मग दोन्ही लिहा अशी चार कामं, रेड १० ला दोन.

आता प्रत्यक्ष बदल. एमडीअ‍ॅडममध्ये रेड १ ला सरळ ग्रो करून रेड १० करता येत नाही, खूप जण तिथेच अडकतात. रस्ता असा, दोन नव्या डिस्कवर अर्धवट रेड १० बनवायचा, डेटा हलवायचा, मग जुन्या दोन डिस्क त्यात घालायच्या. ऑप्शनची नेमकी स्पेलिंग तुमच्या व्हर्जनच्या मॅन पेजमधून घ्या, कुणाच्या लिखाणातून उचलून रेडवर चालवू नका, माझ्या पण नाही.

सगळ्यात आधी बॅकअप, आणि बॅकअप म्हणजे ज्यातून एकदा रिस्टोर करून बघितलाय तो. मग चारही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहा आणि कुठली कुठल्या खणात आहे ते पण, कारण एसडीए एसडीबी ही नावं रीबूटला इकडची तिकडे होतात. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करा आणि शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडा, उद्या बदलून आणलेली डिस्क चार सेक्टर लहान निघाली तर रडायला नको. फक्त जुन्या डिस्कची पार्टिशन नव्यापेक्षा लहान नाहीत ना तेवढं तपासा, नाहीतर शेवटच्या पायरीला अ‍ॅरे त्यांना आत घेणार नाही.

अ‍ॅरे बनवताना चार जागा सांगायच्या आणि दोन जागी मिसिंग असं लिहायचं. इथे माझी चूक झाली ती सांगतो. मी लिहिलं पहिल्या दोन जागी खऱ्या डिस्क, पुढच्या दोन मिसिंग. डीफॉल्ट निअर लेआउटमध्ये शेजारच्या दोन जागा एकमेकींचा मिरर असतात, म्हणजे पहिली जोडी पूर्ण आणि दुसरी जोडी अख्खी गायब, अर्धा डेटाच नाही, अ‍ॅरे चालू होईलच कसा. मी पंधरा मिनिटं एररला शिव्या देत होतो. बरोबर क्रम म्हणजे डिस्क, मिसिंग, डिस्क, मिसिंग.

लेआउटचं बोलायचं तर 'फार' (इंग्रजी far) लेआउटनं सरळ रीड चारही डिस्कच्या बेरजेइतकं होतं पण लिहिताना हेडला डिस्कच्या लांबच्या भागात दुसरी कॉपी टाकायला जावं लागतं. व्हिडिओ साठवणारा सर्व्हर असेल तर 'फार' बघा, डेटाबेस आणि व्हीएम असतील तर निअर, चंक (डिस्कवर डेटा वाटायचा तुकडा) ५१२ किलोबाइटचा डीफॉल्ट ठेवा. चंकवर लोक जितकी डोकेफोड करतात तितका फरक मला तरी दिसला नाही.

एलव्हीएम असल्यामुळे हलवाहलवी चालू सर्व्हरवर झाली. नवा अ‍ॅरे फिजिकल व्हॉल्यूम केला, ग्रुपमध्ये घातला आणि पीव्हीमूव्ह (जुन्या डिस्कवरचा डेटा नव्यावर हलवणारी एलव्हीएमची कमांड) लावून झोपलो. मध्ये काही झालं तर काहीही न देता परत पीव्हीमूव्ह म्हटलं की तो राहिलेल्या ठिकाणाहून पुढे जातो. एक धोका मात्र ओळखून असा, पीव्हीमूव्ह संपल्यापासून जुन्या डिस्क आत येऊन सिंक होईपर्यंत तुमचा डेटा एका कॉपीवर उभा आहे, जुना मिरर आता रिकामा, तो बॅकअप नाही. ही भीती नको असेल तर सर्व्हिस बंद करून आरसिंकनं कॉपी करा म्हणजे जुना मिरर निदान त्या दिवसापुरता शाबूत राहतो, आणि जुन्या डिस्क पण एकेक करूनच काढा. मला डाऊनटाइम मिळत नव्हता, मी पहिला रस्ता घेतला आणि दोन दिवस पोटात गोळा घेऊन फिरलो.

मग जुना अ‍ॅरे ग्रुपमधून काढला, बंद केला, जुन्या पार्टिशनचा सुपरब्लॉक (रेडची ओळख लिहिलेली नोंद) पुसला आणि एक डिस्क नव्या अ‍ॅरेत टाकली, रिकामी जागा तो आपणच शोधतो, ती सिंक झाल्यावर दुसरी. या वेळी स्पीड लिमिट परत २००००० करा, इथे जितक्या लवकर संपेल तितकं बरं.

बूटचं विसरू नका. माझं बूट पार्टिशन वेगळ्या छोट्या रेड १ वर होतं आणि ते होतं जुन्याच दोन डिस्कवर. ते जुनं काही मोडायच्या आधीच चार डिस्कचं करून घेतलं, रेड १ चार डिस्कवर पसरतो, आणि ग्रब (सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर) चारही डिस्कवर लिहिला. त्यानंतर एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फमध्ये नव्या अ‍ॅरेची ओळ आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाईल सिस्टिम) परत बनवणं. मी दुसरं विसरलो, रीबूटनंतर अ‍ॅरे एमडी१२७ या नावानं वर आला. एलव्हीएम आपल्या यूयूआयडीनं शोधतो म्हणून चाललं, फाईल सिस्टिम थेट अ‍ॅरेवर असती आणि एफएसटॅबमध्ये (बूटला काय कुठे जोडायचं त्या यादीत) एमडी१ लिहिलेलं असतं तर इमर्जन्सी शेल बघायला मिळाला असता.

नवीन एक्सएफएस बनवलीत तर लॉग स्ट्राईप युनिट फार मोठं आहे, ३२ किलोबाइट करतोय अशी सूचना येते, घाबरू नका, ५१२ च्या चंकला ती येणारच. ईएक्सटी४ हातानं सांगत असाल तर स्ट्राईड १२८, स्ट्राईप विड्थ २५६.

मोजताना एफआयओ (डिस्कचा वेग मोजणारं टूल) वापरा, ४ किलोबाइट रँडम राईट, डायरेक्ट मोड आणि प्रत्येक राईटनंतर एफसिंक, आणि ते फाईलवर चालवा, चुकून डिव्हाइसचं नाव दिलंत तर सगळं घालवून बसाल. नुसत्या डीडीचा आकडा रॅमच्या कॅशचा असतो, तो बघून खूश होऊ नका. माझं जुन्या मिररवर, केबल बदलल्यानंतर, ७० च्या आसपास येत होतं, रेड १० वर १४० च्या जवळ. दुप्पट, कारण आता दोन जोड्या आहेत, गणितानं जे सांगितलं तेच. व्हीएमच्या रीडमध्ये फरक जास्त जाणवतो कारण तिथे चार हेड वाटून घेतात.

गेल्या पहिल्या रविवारी रात्री एक वाजता मुद्दाम जागा राहून बघितलं. चेक चालू होता, ५० एमबीवर रांगत, चारही डिस्कचा राईट अवेट ३० मिलिसेकंदाच्या आत, लॉगिन लगेच. १९९ चा काउंट अजून २१४ वरच आहे.